पेटी शेकायची असते

प्रेमलताबाईंनी टोपलीवरचं पांढरं पातळ उलटवलं. खाली सिगडीत निखारे, त्यावर पालथी घातलेली बांबूची टोपली आणि टोपलीवर कपडे. ऑगस्टात चिखलदऱ्याला दुसऱ्या कोणत्याही रीतीनं काही वाळत नाही. इथले ढग आभाळात राहत नाहीत. खिडकीतून घरात येतात आणि आगाऊ पाहुण्यासारखा आठ-आठ दिवस मुक्काम ठोकतात. पातळ उद्यासाठी होतं. उद्या पंधरा ऑगस्ट.

आणि एवढं शेकून-वाळवून नेसायचं कशासाठी, तर मागच्या रांगेत उभं राहण्यासाठी.

शाळेत झेंडा वर गेला की राष्ट्रगीत सुरू करायचं ते प्रेमलताबाईंनी, हे बारा वर्षं ठरलेलं होतं. नागपूरला लकडगंजातल्या माहेरी शिकलेलं गाणं नवऱ्याच्या जंगलखात्यातल्या नोकरीपायी या डोंगरावर येऊन पडलं होतं. वर्षातून दोनदा त्यांचा आवाज अख्ख्या गावाला ऐकू जाई, तेवढ्यावर उरलेलं वर्ष निघे. यंदा जूनमध्ये शाळेत नवी मास्तरीण आली, गोपिका. नागपूरचीच, सदर भागातली, बावीस वर्षांची. सोबत वडिलांची हार्मोनियमची पेटी. महिन्याभरात मुलं तिच्या अवतीभवती घोटाळायला लागली. आणि परवा हेडमास्तर रुपराव गुरुजी म्हणाले,

"बाई, यंदा गोपिकाले सुरू करू द्या. पेटीवर मस्त होईन."

मस्त म्हणे. प्रेमलताबाई 'हो' म्हणाल्या खऱ्या, पण तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. हा निव्वळ मत्सर आहे, हे त्यांना चांगलं कळत होतं. कळलं म्हणून तो काही कमी होत नव्हता.

"बाई, आहात का?"

ओसरीवर गोपिका छत्री मिटत उभी होती. प्रत्येक वाक्यात बाई. प्रेमलताबाईंनी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि बाहेर आल्या.

"काय वं?"

"बाई, पेटी शाळेतच ठेवून राहिली मी. सकाळी घाई नको म्हणून. एरवी खोलीवर चुलीपाशी असते ते. या हवेनं काही होत तर नाही ना तिले?"

प्रेमलताबाईंनी पदराला हात पुसले. त्यांचीही एक पेटी होती. पहिल्याच पावसाळ्यात दमट हवेनं तिचे सूर बसले होते, पट्ट्या फुगल्या होत्या. रोज सिगडीजवळ ठेवून शेकायची असते, हे त्यांना पेटी गेल्यावर कळलं होतं.

"काही नाही होत," त्या म्हणाल्या. "इथं काय वाघ येते, पेटी खायाले?"

गोपिका हसली. "बरं झालं विचारलं बाई," म्हणून छत्री उघडून गेली. प्रेमलताबाई आत आल्या तेव्हा पातळाचा काठ करपल्याचा वास येत होता.

सकाळी शाळेच्या पटांगणात ढग उतरले होते. मुलं दिसत नव्हती, त्यांचं खोकणं तेवढं ऐकू येत होतं. सरपंच देवरावांनी दोरी ओढली, झेंडा वर गेला, गाठ सुटून झेंडूच्या पाकळ्या पडल्या. झेंडा कोरडा खणखणीत फडकला. शाळेची झाडलोट करणाऱ्या कांताबाईनं तो दोन दिवस आपल्या घरी टोपलीवर शेकला होता.

गोपिकानं भाता हलवला, पट्टी दाबली. सूर नाही. दुसरी दाबली, तिचाही नाही. तिसरीतून भोंगा निघाला आणि पट्टी वर येईचना. पोरं फिसकन हसली. गोपिकानं पेटी सोडून तोंडानं सुरू करायचं म्हटलं, तर घशातून आवाज फुटेना.

तेव्हा मागच्या रांगेतून प्रेमलताबाईंनी सूर लावला. त्या कधी नव्हत्या इतक्या चांगल्या गायल्या. अख्खं पटांगण त्यांच्यामागे गेलं, आणि संपल्यावर रुपराव गुरुजी म्हणाले, "बाई, लाज राखली तुम्ही शाळेची." हेच ऐकायला कान आसुसले होते. ऐकून बरंही वाटलं.

कांताबाई कागदाच्या पुड्यांतून बुंदी वाटत होती. गोपिका जवळ आली. डोळे लाल होते.

"बाई, तुम्ही होत्या म्हणून निभलं. माझीच चूक. कांताबाईनं काल सांगतलं होतं मले, पेटी घरी ने, निखाऱ्यापाशी ठेव. मीच म्हटलं, बाई बारा वर्षांपासून इथं आहेत. बाई म्हणतात काही होत नाही, म्हणजे नाही होत."

कांताबाईनं प्रेमलताबाईंच्या हातावर पुडी ठेवली.

"बाईले सारं माहीत असते इथलं," ती म्हणाली आणि पुढच्या पोराकडे वळली.

बुंदी प्रेमलताबाईंच्या तोंडापर्यंत गेली नाही. पुडी त्यांनी तशीच पिशवीत टाकली.

"पेटी आण," त्या गोपिकाला म्हणाल्या. "माझ्या घरी नेऊ."

दोघींनी पेटीची एकेक कडी धरली आणि चढाला लागल्या. पेटी जड होती. गोपिका बोलत होती: वडिलांनी पेटी किती जपली, पत्रात आता काय लिहायचं बाई, सव्वीस जानेवारीले तरी वाजेन ना बाई. वळणावर प्रेमलताबाई थांबल्या.

"रोज शेकावी लागते ते," त्या म्हणाल्या. "काल माहीत होतं मले."

गोपिकाला कळायला थोडा वेळ लागला. मग तिच्या हातातली कडी सुटली. पेटी प्रेमलताबाईंच्या गुडघ्यावर आदळली, पण त्यांनी ती पडू दिली नाही. दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरली आणि एकट्या चढू लागल्या. धाप लागली तरी थांबल्या नाहीत.

घराची पायरी आली तेव्हा ढगातून मागं पावलं वाजली.

"निखारे किती घ्यायचे?" गोपिकानं विचारलं.

तिच्या बोलण्यात 'बाई' नव्हतं. प्रेमलताबाईंनी खांद्यानं दार ढकललं आणि तिला आत यायला वाट दिली.