हरीचं ते द्रव्य

म्युनिकजवळच्या गार्चिंगच्या मराठी मंडळाने भाड्याने घेतलेला हॉल त्या दिवशी इतका भरला होता, की गणपतीतही तेवढा भरत नाही. कोट आणि मफलर खिडक्यांत कोंबले होते. बाहेर नोव्हेंबरचा सूर्य नेहमीप्रमाणे रजेवर होता. त्याच सूर्यावर जगायला शिकवणारे अंशुमाली महाराज स्टेजवर मांडी घालून बसले होते. पूर्वाश्रमी ते इंगोलश्टाटला गाड्यांचे दिवे बनवणाऱ्या एका कारखान्यात होते, त्यामुळे उजेडाशी त्यांचा संबंध तसा जुनाच.

"शाळेत काय शिकलात? वनस्पती स्वतःचं अन्न स्वतः तयार करतात. कशाने? हरितद्रव्याने," महाराज म्हणाले. "आता हा शब्द फोडा. हरि. तत्. द्रव्य. हरीचं ते द्रव्य. पुस्तकवाल्यांना ते फक्त पानात दिसलं. ते तुमच्यातही आहे, फक्त झोपलंय."

म्युनिकहून आलेले पीएचडीवाले माना डोलवू लागले. शब्दाची फोड केली की आपली माणसं विरघळतात. हरित म्हणजे नुसतं हिरवं, हे तिसरीतल्या पोरालाही माहीत असतं, पण त्या क्षणी ते कुणाला आठवेना.

तिसऱ्या रांगेत विभावरी दातओठ खात बसली होती. पानं उजेडाचं काय करतात, हाच इथल्या विद्यापीठात तिचा अभ्यासाचा विषय. आणि तिच्या शेजारी हात जोडून बसलेल्या सासूबाई, ऊर्मिलाबाई, दिवाळीपासून जेवण कमी करत करत आता लिंबूपाण्यावर आल्या होत्या. रोज सकाळी बाल्कनीत ढगांकडे तोंड करून उभ्या राहायच्या. साडीच्या निऱ्या वाढत चालल्या होत्या. परवा बसस्टॉपवर चक्कर येऊन खालीच बसल्या. डॉक्टरांनी खडसावलं, तर महाराजांना विचारून सांगते म्हणाल्या.

विभावरीने घरी सगळे उपाय करून पाहिले होते. उत्कर्षला, म्हणजे नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, आईच्या श्रद्धेत आपण पडू नये, उतरेल चार दिवसांत. तिने सासूबाईंना आकृत्या काढून दाखवल्या. त्यांनी त्या नीट पाहिल्या आणि छान काढल्यास म्हणाल्या. शेवटी तिची छोटी लेक अन्वी आजीच्या हाताकडे बघत बोलली, "आजी, डू बिस्ट दोख गार निश्ट ग्र्यून." अगं, तू तर हिरवीच नाहीस. घरात एवढं शहाणं वाक्य दुसऱ्या कुणी उच्चारलं नव्हतं. त्याचाही उपयोग झाला नाही.

हॉलमधले दिवे मालवले गेले. महाराज एकेकाच्या तळहातावर हिरवट प्रसाद चोळत होते आणि मंडळाचे सेक्रेटरी नागेश त्यावर जांभळ्या उजेडाची बॅटरी धरत होते. तळहात निखाऱ्यासारखा लाल दिसू लागायचा. "हा तुमच्यात साठलेला सूर्य," महाराज सांगायचे. ऊर्मिलाबाईंचाही हात लाल झाला. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते पाहून विभावरीला बसवेना.

ती उठली, हॉलच्या स्वयंपाकघरात गेली आणि सॅलडसाठी ठेवलेली ऑलिव्ह तेलाची बाटली घेऊन आली. नागेशकडून बॅटरी मागून घेतली. भिडस्त माणूस, त्यांनी दिली. तिने तेलाचा हात रिकाम्या प्लास्टिकच्या खुर्चीवर फिरवला आणि बॅटरी लावली. खुर्ची लाल झाली.

"ही खुर्ची कधीपासून उपाशी आहे, कुणी सांगेल का?" विभावरीने विचारलं.

मागच्या रांगांत हशा पिकला. मग तिने कोपऱ्यातल्या कुंडीतल्या जिवंत पानावर तीच बॅटरी धरली. पान जवळजवळ काळंच राहिलं, फार तर अंधूक लालसर.

तिने समजावून सांगितलं. प्रसादात हिरवं तेल आहे, आणि त्यात ऑलिव्हच्या फळातून उतरलेलं हरितद्रव्य आहे. उजेड पडला की हरितद्रव्यातला एक इलेक्ट्रॉन उसळतो. पानात तो लगेच पुढच्या रेणूच्या हाती दिला जातो, तो त्याच्या पुढच्याला देतो. त्याची रिकामी जागा पाण्यातून भरली जाते, त्यात ऑक्सिजन सुटतो. या देवघेवीत जी शक्ती हाती लागते, तिच्यावर पान हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवतं. तेलात मात्र घ्यायला पुढे कुणीच उभं नसतं. मग तो उजेड लाल होऊन बाहेर फेकला जातो. "म्हणजे जे झळकतंय ते साठलेलं नाही, वाया गेलेलं आहे," ती म्हणाली. "अन्न तयार होत असतं, तर हात असे पेटलेच नसते. आणि अख्खं अंग हिरवं झालं, तरी दिवसाला पोळीच्या एखाद्या तुकड्याइतकं अन्न मिळेल, तेही ऊन असेल तर."

महाराज हसले. "ताईंनी आमचंच काम केलं. हरि खुर्चीतही आहे, हे दाखवून दिलं."

टाळ्या पडल्या. काही जण कोट घालून निघून गेले, पण तेलासाठीची रांग होती तेवढीच राहिली. विभावरी बाटली हातात धरून उभी राहिली. बाटली परत कुठे ठेवायची, तेही तिला सुचेना.

घरी चालत जाताना ऊर्मिलाबाई म्हणाल्या, "तेल आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ऑलिव्हचा वास लपतो होय?"

"मग आई, तुम्ही जेवण का सोडलंत?"

"झाडाला कुणाच्या हातचं खावं लागत नाही गं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. भारतातून आल्या आल्या त्यांनी आमटीला फोडणी घातली, तर छतावरचा राउखमेल्डर, म्हणजे धुराचा भोंगा, किंचाळला आणि वरच्या मजल्यावरची बाई धावत खाली आली. आई, तू राहू दे, विभा करेल, असं उत्कर्ष म्हणाला. प्रेमानेच म्हणाला. त्या दिवसापासून त्या आयतं खात होत्या.

विभावरीला तो दिवस आठवला. आपण तेव्हा हुश्श केलं होतं, हेही आठवलं. "आई, मातीतली मुळं हिरवी नसतात," ती म्हणाली. "ती पानांनी केलेलंच खातात. जन्मभर. झाड त्यांना आयतखाऊ म्हणत नाही."

"मुळं काहीतरी करतात तरी," ऊर्मिलाबाई म्हणाल्या.

घरी पोचल्यावर विभावरीने गुरगुट्या भात लावला, वरण केलं, आणि कढल्यात तेल घालून मोहरीचा डबा सासूबाईंसमोर ठेवला. त्यांनी फोडणी घातली. राउखमेल्डर किंचाळला, अन्वीने कानांवर हात ठेवले, उत्कर्ष टॉवेल घेऊन धावला. वरून कुणीतरी जमीन ठोकली. विभावरीने खिडकी उघडली, पण गॅसच्या जागी असलेली ती विजेची शेगडी बंद केली नाही.

ऊर्मिलाबाईंनी दोन घास खाल्ले. मग ताट सारलं. "आता जात नाही गं पोटात. उद्या बघू." विभावरी त्या ताटाकडे बघत बसली. दोन घासांवर माणूस जगत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

पुढच्या रविवारी महाराजांचं शिबिर हायडेलबर्गला आहे आणि जागा म्हणे आताच भरल्या आहेत. जाणाऱ्यांनी जरूर जावं. फक्त प्रसादाचा पहिला थेंब स्वतःच्या हाताला न लावता खुर्चीला लावून बघावा. आणि घरात कुणी जेवण सोडलं असेल, तर महाराजांच्या आधी त्या माणसालाच विचारावं, का सोडलंस म्हणून.