दोघांच्या मापाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. जुनी म्हणजे चौदा वर्षांची, आणि रुंद म्हणाल तर तुम्ही दोघे शेजारी शेजारी बसलात तरी कोपराला कोपर लागणार नाही. पण मला दोघांसाठी केलेलं नव्हतं. मला एकीसाठी केलं होतं.

ती शिवणकाम करते. तिच्या लेकीला घरात ठमी म्हणतात, म्हणून मी तिला ठमीची आई म्हणते. माझ्या आधी तिच्याकडे प्लॅस्टिकची खुर्ची होती. एकदा गिऱ्हाइकांसमोर त्या खुर्चीचा पाय मोडला आणि आई खाली आदळली. कुणीतरी तोंडावर हात धरून हसलं. त्याच आठवड्यात तिचा सुतार भाऊ मला घडवायला बसला. बहिणीला टेप लावायला तो धजावला नाही. त्याने बायकोला फळीवर आपल्या शेजारी बसवलं आणि दोघांच्या रुंदीवर माझी बैठक आखली. खाली दुहेरी पाट्या ठोकल्या, सांध्यांत पाचरी मारल्या आणि मला घेऊन आला.

"आता हत्ती बसला तरी कुरकुरायची नाही," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

"हत्तीला काजं करता येतात का विचार आधी," ठमीची आई म्हणाली आणि बसली. मी खरंच कुरकुरले नाही.

त्यानंतर किती गणवेश, किती पडदे, किती उशांचे अभ्रे माझ्यावर बसून शिवले गेले, मोजदाद नाही. माझ्या पाठीला चिंध्यांची पिशवी टांगलेली असे. पायडलचा ठेका माझ्या चारही पायांतून फिरायचा. पण हळूहळू तो अडखळू लागला. आईला दम लागायचा. गुडघे सुजायचे. जिना चढताना ती मध्येच बसायची. साखरही वाढली होती. शेवटी तिने स्वतः ठरवलं आणि पोट लहान करण्याचं ऑपरेशन करून घेतलं.

त्या ऑपरेशनने तिचं भलंही केलं, हे मी आधीच सांगते. साखरेच्या गोळ्या थांबल्या. एक दिवस ती जिना न थांबता चढून आली आणि दारात उभी राहून हसत राहिली. तेवढं सुख मी दुसऱ्या कशात पाहिलेलं नाही.

निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, तपासणी चुकवायची नाही आणि उलट्या थांबेनात तर त्याच दिवशी यायचं. रोज सकाळी गोळी देण्याचं काम ठमीने मागून घेतलं. नऊ वर्षांची पोर, पण हातात पाण्याचा पेला आणि चेहऱ्यावर मोठ्या नर्सबाईचा रुबाब.

इथेच आमच्या घराचं चुकलं. शिवणाऱ्यांचं घर ते. सगळं इंचांत मोजायची सवय. दर शनिवारी आई कमरेला टेप लावायची आणि मशीनच्या झाकणावर खडूने आकडा लिहायची. आकडा उतरला की सगळे खूश. ठमीचे बाबा महिन्यातून एकदा कामावरून यायचे, ते आधी झाकण बघायचे, मग बायकोकडे. "टेप खोटं बोलत नाही," असं आई गिऱ्हाइकांना नेहमी म्हणायची. गिऱ्हाइकंही म्हणायची, ओळखू येईनास गं, नशीब काढलंस. पोटात काय राहतं, हे कुणी विचारलं नाही.

मला मात्र कळत होतं. चार चमचे मऊ भात खाऊन ती बसायची आणि उठून मोरीकडे पळायची. गोळीही तशीच बाहेर यायची. तिचे केस माझ्या पाठीवर पडलेले असत. पूर्वी तिचा भार माझ्यावर उशीसारखा पसरायचा; आता हाडं टोचायची, तिला आणि मलाही. मग ती गोळी गिळेनाशीच झाली. ठमीसमोर तोंडात टाकायची आणि पोर वळली की माझ्या पाठीमागच्या पिशवीत. तपासणीची तारीख आली तेव्हा शाळेचे चाळीस गणवेश शिवायचे होते. ती गेली नाही.

"माझं मीच मागून घेतलं," एका दुपारी ती एकटीच पुटपुटली. "आता रडू कुठल्या तोंडानं?"

त्यानंतर तिचं पाऊल पायडलवरून घसरू लागलं. आपला पाय कुठे आहे, हे तिला वाकून बघावं लागे. मित्रांनो, मला चार पाय आहेत, पण तोंड नाही. त्या दिवसांइतकी त्याची खंत मला कधी वाटली नाही.

एका रविवारी ठमीला कापडाची चिमणी करायची होती. आत भरायला चिंध्या हव्यात म्हणून तिने पिशवीत हात घातला. चिंध्यांबरोबर गोळ्या आल्या. तिने त्या माझ्या बैठकीवर मांडल्या, दहा-दहाच्या ओळींत. पाच ओळी झाल्या आणि वर तीन उरल्या.

"आई, मी दिलेल्या ना ह्या?"

आई भिंतीपाशी कापड बेतत होती. ती लगबगीने उठायला गेली, पण पाय उठलेच नाहीत. ती पडली आणि पडूनच राहिली.

ठमीने धावत जाऊन मामाला आणलं. जिच्यासाठी त्याने दुहेरी पाट्या ठोकल्या होत्या, त्या बहिणीला त्याने एकट्याने दोन हातांवर उचललं आणि जिन्याकडे नेलं. दारात तो क्षणभर थांबला. ओझं फारच हलकं होतं.

दवाखान्यातून आल्यावर तो माझ्यावर बसून ठमीच्या बाबांना सांगत होता. डॉक्टरीणबाई कुणाला ओरडल्या नाहीत. वजन उतरलं ते ऑपरेशनने, म्हणाल्या, आणि पायांच्या नसा वाळल्या त्या उलट्यांनी आणि पोटात न गेलेल्या गोळ्यांनी. जीवनसत्त्वाच्या सुया सुरू केल्यात. पण उशीर झाला. पाय पूर्ण परत येतील असं सांगता येत नाही. एवढं बोलून मामाने झाकणावरचे आकडे बाहीने पुसून टाकले.

याला वर्ष झालं. अंगात ताकद आली. पाय आले नाहीत. ती काठी घेऊन चालते आणि जमिनीकडे बघत चालते. अन्न आता पोटात राहतं. मामा एकदा करवत घेऊन आला होता. म्हणाला, खुर्ची तुझ्या मापाची करून देतो. तिने नको म्हटलं.

कारण संध्याकाळी ठमी येऊन तिच्या शेजारी माझ्यावर बसते. आधी गोळी. आई गिळते, तोंड उघडून दाखवते. मग आईचे हात कापड सरकवतात आणि पायडलवर ठमीचा पाय असतो.

"हळू," आई म्हणते. "कोपरा आला."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी बारीक झालं, तर कौतुक जरूर करा. पण आधी विचारा, जेवलेलं अंगी लागतंय का, पाय दुखतात का, काही लपवतेस का. विचारून तिथेच बसा. उत्तर यायला वेळ लागतो.

मी दोघांच्या मापाची निघाले, हे बरं झालं असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. आईच्या पायांचं काम करणारा ठमीचा पाय अजून पायडलला पुरत नाही. ती बैठकीच्या अगदी पुढच्या कडेला सरकते तेव्हा कुठे टेकतो.