मिस ओडेसाचं कुलूप

सेंट लुईसच्या उत्तर भागात ओडेसा प्रुइट हे नाव कुलपांशी जोडलेलं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढून निवृत्त झाल्यावर ती चर्चच्या तळघरातल्या गटात दाखल झाली. गट अकरा जणांचा. म्होरक्या क्लिओफस बँक्स. एकोणिसाव्या वर्षी एका माणसाला गोळी घालून अठरा वर्षं तुरुंगात राहून आलेला. गटाची कामं दोनच. कुणाचं कुणाशी बिनसलं, की हत्यार बाहेर निघायच्या आत क्लिओफसला फोन करायचा. तो मध्ये जाऊन उभा राहायचा. आणि दर शनिवारी दारोदार जाऊन बंदुकीची कुलपं फुकट वाटायची.

त्या कुलपाला पोलादी तार असायची. ती पिस्तुलातून ओवून कुलूप लावलं, की पिस्तूल म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा. ओडेसा दारात उभी राहून सांगायची, "बाळा, चोर बाहेरून येतो हे खरं. पण राग घरातच राहतो." लोक हसायचे, कुलूप घ्यायचे. सगळे तिला आदराने मिस ओडेसा म्हणायचे; तिला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

तिच्या स्वतःच्या घरात, वरच्या मजल्यावर, पलंगाशेजारच्या खणात तिच्या नवऱ्याचं पिस्तूल होतं. वेंडेल जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याने ते कारखान्यातल्या कुणाकडून तरी घेतलेलं, कागद ना पत्र. त्या पिस्तुलाला कुलूप नव्हतं. शेजारी एकदा चोरी झाली, तेव्हा तिने मनाशी म्हटलं होतं, चोर जिन्यात आल्यावर मी किल्ली कुठे शोधत बसू? आणि घरात लहान मूल तर नाहीच. होता तो तिचा भाऊ लॉन्झेल, सत्तावन्न वर्षांचा, बायकोने हाकलल्यापासून मागच्या खोलीत राहणारा.

सप्टेंबरात अमेरिकेतल्या कामगार दिनाच्या सुट्टीला सगळी गल्ली बागेत जमली होती. निखाऱ्यांवर मांस भाजत होतं, म्हातारे डॉमिनो खेळत होते. ओडेसा घरीच, ओव्हनात भाजायच्या गोड पदार्थावर, पीचच्या कॉब्लरवर, पिठाच्या पट्ट्या बसवत होती. दुपारी तीनच्या सुमाराला लॉन्झेल आत आला.

"इतक्यात आलास?"

"डॉमिनो खेळताना त्या रूडेलने सगळ्यांसमोर मला लबाड म्हटलं. सगळे हसले, डेसा. सगळे."

"म्हणू दे. त्याच्या तोंडाला कधी लगाम होता?"

लॉन्झेल सरळ वर गेला. मग तिला खण ओढल्याचा आवाज आला. ओढताना तो खण कण्हायचा. वेंडेल असताना तीस वर्षं तिने तो आवाज ऐकला होता. लॉन्झेल खाली आला तेव्हा खोचलेला शर्ट बाहेर काढलेला होता. तिच्याकडे न बघता तो निघून गेला.

फ्रिजच्या दारावर क्लिओफसचा नंबर चिकटवलेला होता, तिच्याच मोठ्या अक्षरात. तिने त्याच्याकडे पाहिलंही. मग मनात म्हणाली, रुमाल घ्यायला गेला असेल. वेंडेलचे रुमाल त्याच खणात असतात. उगाच सख्ख्या भावाची गल्लीत शोभा कशाला? आणि तिने पुढची पट्टी कापली.

वीस मिनिटांनी तीन आवाज झाले.

रूडेलला खरचटलंही नाही. गोळी लागली मार्किटा हॉलिन्सला. शहरात बस चालवणारी, एकोणतीस वर्षांची, हातात जेवणाची ताटली घेऊन कुणाशी तरी बोलत उभी होती. तिच्या उजव्या गुडघ्याचा चुरा झाला.

लॉन्झेलला तिथेच धरलं. पिस्तूल कुठलं असं विचारल्यावर त्याने सांगितलं, रस्त्यावर एका अनोळखी माणसाकडून घेतलं. बहिणीचं नाव त्याने काढलं नाही, आणि ओडेसानेही तोंड उघडलं नाही.

लोकांना वाटलं, बिचारीवर आभाळ कोसळलंय. गटातल्या अर्नेस्टीनने केक आणून दिला. "भावाचं पाप तुझ्या माथी नाही, सिस्टर," ती चर्चमधल्या रीतीने म्हणाली. ओडेसाने केक घेतला, चिरला, खाल्लासुद्धा. घास घशाखाली उतरताना तिला स्वतःची किळस आली.

गुरुवारच्या बैठकीत क्लिओफस म्हणाला, "मी चार गल्ल्यांवर होतो. कुणीतरी लॉन्झेलला रागाने जाताना पाहिलं असणार. एक फोन हवा होता मला. एक." ओडेसा बुटांच्या टोकांकडे बघत बसली.

शनिवारी ती पुन्हा पिशवी घेऊन निघाली. न जावं तर लोक विचारतील. गेदर नावाच्या एका म्हाताऱ्याने दारात कुलूप हातात फिरवत विचारलं, "तुमच्याकडे असेल ना एखादं, मिस ओडेसा? त्याला लावलंय?"

"हो तर," ती म्हणाली.

त्या खोटेपणाने तिला पुरतं मोडलं. तोवर ती नुसती गप्प होती. आता तोंडाने खोटं बोलली होती. पुढचे चार दिवस तिने दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. गुरुवारी तळघरात खुर्च्या मांडून होताच ती उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. खण, शर्ट, फ्रिजवरचा नंबर, पिठाच्या पट्ट्या.

मग अर्नेस्टीन हळूच म्हणाली, "मी तुला केक आणून दिला गं."

क्लिओफसने चष्मा काढला. "आवाज ऐकलास, आणि वीस मिनिटं होती तुझ्याकडे?"

"होती."

"सिस्टर प्रुइट, मी माणूस मारलेला माणूस. तुझ्यावर दगड उचलायचा हक्क मला नाही. पण आत्ता तुझ्याकडे बघवत नाही, हेही खरं." तो थोडा थांबला. "उद्या पोलिसांकडे जाऊ. मी सोबत येतो. मार्किटाकडे मात्र तू एकटी जा."

पोलिसांनी लिहून घेतलं. क्लिओफसने गाठून दिलेला वकील म्हणाला, कदाचित तिच्यावर खटला होणार नाही. ते ऐकून तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज आणखी मोठी होती.

मार्किटा आईच्या घरी कोचावर पाय पसरून बसली होती, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. ओडेसाने उभ्यानेच सांगितलं. मार्किटाने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"ब्रेकवर उजवा पाय असतो, मिस ओडेसा," ती शेवटी म्हणाली. "मला आता बस देणार नाहीत."

"मला माफ कर म्हणायला तोंड नाही."

"मग म्हणू नका. शाळेत तुम्ही मला वाढायचात, आठवतं? रांगेत ढकलाढकली केली की डाव उगारायचात. तुम्हाला घाबरायचो आम्ही. विश्वासही होता." तिने पायावरची चादर सारखी केली. "अजून जाता का कुलपं वाटायला?"

"सोडलं."

"का? आता घरात लपून बसायचं का? वा, झकास. माझा पाय गेला आणि तुम्हाला सुट्टी मिळाली."

मार्किटाने दाराकडे बोट केलं.

"जा की. आणि कुठल्यातरी बाईची गोष्ट म्हणून सांगू नका. स्वतःचं नाव घ्या. माझंही घ्या. आणि इथे पुन्हा येऊ नका."

त्या शनिवारी ओडेसा आधी गेदरकडे गेली. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे त्या दिवशी माझ्या तोंडावर खोटं बोललात?"

"बोलले."

त्याने दार लावून घेतलं. आदळलं नाही, हळूच लावलं. तेच तिला जास्त लागलं.

पुढचं घर नव्याने राहायला आलेल्या एका बाईचं होतं. कडेवर तान्हं मूल. ती ओडेसाला ओळखत नव्हती. "आत या ना," ती म्हणाली, "बसून बोला."

"नको, पोरी," ओडेसा म्हणाली. "हे मी उभी राहूनच सांगते." आणि ती सांगू लागली. माझं नाव ओडेसा प्रुइट. कामगार दिनाला माझ्या घरातून बिनकुलपाचं पिस्तूल गेलं, आणि मार्किटा हॉलिन्सचा पाय गेला.