नखभर कल

लोखंड काय आणि माणूस काय, एकदा नीट जोडला की जन्मात सुटत नाही, हा सिद्धान्त मिस्त्रींनी चाळीस वर्षं भेटेल त्याला ऐकवला. ऐकवताना ते ज्या खुर्चीत बसत, तिचा मागचा पाय त्यांनी स्वतः वेल्ड केलेला होता आणि वर्षातून दोनदा तो सिद्धान्ताला न जुमानता निघत असे.

माणसांचंही तेच झालं. एकुलती एक मुलगी, लहानपणी वेल्डिंगच्या ठिणग्यांमागे धावायची म्हणून तिचं नाव ठिणगी, आठ महिन्यांपूर्वी दूरच्या जहाजांच्या कारखान्यात उमेदवारीला गेली. तेव्हापासून मिस्त्री रोज दुपारी शेडमध्ये बसून फोनकडे टक लावत. बायकोने विचारलं तर म्हणत, वेळ बघतोय. शेडमध्ये भिंतीवर घड्याळ होतं.

बुधवारी फोन वाजला.

"बाबा, उद्या परीक्षा आहे. पास झाले तर तीन वर्षं इथंच. नाही तर शनिवारी घरी."

"शनिवारी," मिस्त्री म्हणाले. त्यांना तेवढंच ऐकू आलं होतं.

"अहो बाबा, माझा टी जॉइंट वाकडा होतोय."

तिने फोनचा कॅमेरा कामाकडे फिरवला. आडव्या पट्टीवर उभी पट्टी, कोपऱ्यात वेल्डची रेघ. ठिणगीने हातोडीने वरची खपली झाडली. हातोडी मिस्त्रींचीच, मुठीला निळी चिकटपट्टी. खाली वेल्ड माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा निघाला.

"रॉड दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मध्ये धरतेस?"

"हो. आर्कची ज्योतही आखूड ठेवते, रॉडच्या जाडीएवढी. पण परीक्षेत वेल्ड एकाच बाजूने करायचाय, आणि गार झालं की उभी पट्टी त्याच बाजूला झुकते. काटकोन बघायला गुण्या लावला तर बसतच नाही."

मिस्त्रींना कारण पाठ होतं. वेल्ड गार होताना आकसतो आणि पट्टीला आपल्याकडे ओढतो. म्हणून पहिले टाके, म्हणजे पट्टी जागी धरणारे वेल्डचे ठिपके, मारतानाच पट्टी उलट बाजूला नखभर कलती ठेवायची. मग ओढून ओढून ती सरळ होते. हे त्यांनी मुलीला कधी शिकवलंच नव्हतं. घरी टाके स्वतः मारायचे, नखभर कल देऊन, आणि पुढचा वेल्ड तिच्या हाती द्यायचे. वाघाच्या मावशीनेही झाडावर चढणं हातचं राखलं होतं म्हणतात. पण तिला निदान जिवाची भीती होती. मिस्त्रींना फक्त एवढंच वाटत होतं, की पोरगी अडली की येईल.

आता अडली होती. शनिवार तीन दिवसांवर होता.

"बाबा? रेंज गेली का?"

"आहे."

बायको दारात येऊन उभी होती. नवऱ्याचा चेहरा तिला चाळीस वर्षं वाचता येत होता, ठळक अक्षरात असल्यासारखा. "माहितीय ना तुम्हाला? मग सांगून टाका."

"टाका," मिस्त्री फोनमध्ये म्हणाले, आणि एकदा तो शब्द तोंडातून गेल्यावर पुढचं त्यांना अडवता आलं नाही. "टाका मारताना पट्टी वेल्डच्या उलट बाजूला कलती ठेव. नखभर. जास्त नको."

ठिणगीने तिकडे लगेच वेल्ड सुरू केला आणि फोनचा पडदा पांढरा झाला. सवयीने त्यांनी डोळे मिटले, मग हा फोन आहे हे आठवून उघडले आणि बघत राहिले.

बऱ्याच वेळाने आवाज आला. "बाबा, गुण्या बसला. हे आधी का नाही सांगितलंत?"

"राहून गेलं."

"आता तीन वर्षं हं."

"तीन वर्षं म्हणजे काय. खुर्चीचा पाय सहा वेळा निघेल, की झाली." बोलताना ते फोनकडे इतके कलले होते, की त्या सहांतली पहिली वेळ तेव्हाच यायच्या बेतात होती.

"बरं, ठेवू? अजून काही सांगायचंय?"

सांगायचं होतं. पुष्कळ होतं, आणि ते अगदी ओठांपर्यंत आलंही. बायकोने दारातूनच हात पुढे केला आणि तळवा उघडून वाट बघत राहिली.

"माझी हातोडी तेवढी पाठव," मिस्त्री म्हणाले. "खपल्या मी बत्त्याने झाडतोय, आणि तुझ्या आईला तो खलात हवाय."