एका गाण्याचा हेडफोन

बेबीच्या बाबांचा एक नियम होता. गिऱ्हाईक दुकानात आलं, की त्याला आधी खुर्ची द्यायची आणि विचारायचं, "तुम्ही ऐकता काय?" हेडफोनचं बोलणं त्यानंतर.

कारण हेडफोन म्हणजे कानाला लावायच्या दोन छोट्या खोल्या, असं ते म्हणायचे. बंद खोलीत ड्रम वाजवला, तर ठोका छातीत बसतो. पण तिथेच चाळीस व्हायोलिनं कोंबली, तर ती एकमेकांच्या अंगावर पडतात. त्यांना दारं-खिडक्या उघड्या असलेला दिवाणखाना लागतो. आणि एकटा गळा गात असेल, तर त्याला समोर बसवून ऐकण्याएवढी जागा पुरे. म्हणून बाबा स्वतःच्या हातांनी वेगवेगळे हेडफोन बांधायचे. कुणाचे कप मागून बंद, कुणाचे जाळीचे, कुणाच्या आत लोकरीचा पातळ थर, कुणात तोही नाही.

सुट्टीच्या दिवशी गल्लीतली पोरं दुकानात चटईवर बसायची. बाबा त्यांना एकच गाणं तीन हेडफोनांवर ऐकवायचे आणि विचारायचे, "आता सांगा, बासरीवाला कुठे बसलाय? जवळ की लांब?" पोरं भांडायची. बाबा कुणालाच चूक म्हणायचे नाहीत. "परत ऐक," एवढंच म्हणायचे. पोरांनी त्यांचं नाव कानआजोबा ठेवलं होतं.

हे सगळं ज्यांनी बंद पाडलं, त्यांना शहरात कानसेन म्हणत.

कानसेन हेडफोनांची परीक्षणं लिहायचे. त्यांनी बरं म्हटलं की माल उचलला जायचा, वाईट म्हटलं की धूळ खात पडायचा. सभागृहात त्यांची श्रवणसभा भरायची, तिला दुकानदार, वादक, हौशी, सगळे झाडून हजर. आणि कानसेनांची एक पद्धत होती, तिचा त्यांना फार अभिमान. कुठलाही हेडफोन ते एकाच गाण्यावर तपासायचे. एक गायिका, मागे संथ पियानो, बस्स. "माझा तराजू एकच," ते म्हणायचे. "तराजू बदलत राहिला तर वजन कसं कळणार?" लोक माना डोलवायचे.

बाबांनी तालवाद्यांसाठी एक हेडफोन केला होता. त्यावर ड्रम असा वाजायचा, की कातड्यावर काठी टेकल्याचं आणि उचलल्याचं वेगवेगळं ऐकू यायचं. तो घेऊन ते स्वतः कानसेनांकडे गेले. "हा फक्त तालासाठी आहे हं," असं दोनदा बजावूनही आले. कानसेनांनी त्यावर आपलं नेहमीचं गाणं लावलं, अर्ध्यातच हेडफोन काढून ठेवला आणि भर सभेत म्हणाले, "हा हेडफोन नाही, पत्र्याचा डबा आहे!"

सभा खो खो हसली. बाबा तिथेच, तिसऱ्या रांगेत बसले होते.

शहराला शब्द आवडला. गिऱ्हाईकं दुकानासमोरून जाताना तो उच्चारायची. बाबांनी तेही सोसलं असतं. पण एका सुट्टीच्या दिवशी चटईवरच्या एका छोट्या मुलीने अगदी निरागसपणे विचारलं, "कानआजोबा, पत्र्याचा डबा म्हणजे तुम्हीच का?" त्यानंतर बाबांनी चटई गुंडाळून ठेवली. पोरं आली की आतल्या खोलीत जायचे.

बेबीच्या हे जिव्हारी लागलं. चाळिशी ओलांडली तरी ती सगळ्यांची बेबीच होती, आणि लोकांना वाटायचं, बेबी म्हणजे हसरी, गोड. हसरी ती होतीच. हसत हसतच तिने मनात गाठ बांधली. ज्या सभेत बाबांवर हसले, त्याच सभेत कानसेनांनी आपला शब्द परत घ्यायचा. एकांतात नाही, बंद दाराआड नाही. सगळ्यांच्या देखत.

आधी तिने ते गाणं मिळवलं. मग रोज दुकान बंद झालं की तेच ऐकायची. दुसऱ्या ओळीआधी गायिका हलकेच श्वास घेते. पियानोवाला पायपट्टीवरून पाय उचलतो तेव्हा लाकूड किंचित कुरकुरतं. तिसऱ्या कडव्यात आवाज जरासा चिरतो आणि सावरतो. बेबीने ही ठिकाणं तोंडपाठ केली, आणि मग हेडफोन बांधायला घेतला.

लोकरीचा थर घालून ऐकायची, थोडा कापून पुन्हा ऐकायची. मागची छिद्रं एकेक करून बुजवली. आतल्या थरथरणाऱ्या पडद्यासमोर जाड कागदाची कडी बसवली, ती नखभर आत-बाहेर सरकवत राहिली. ध्यास एकच, की त्या गायिकेचा आवाज जिथे राहतो तेवढीच जागा उजळ व्हावी. खालचे सूर सगळे गेले तरी चालेल, वरचे सगळे गेले तरी चालेल. त्या गाण्यात खाली काही नव्हतंच आणि वरही काही नव्हतं!

हेडफोन तयार झाला तेव्हा तिने त्यावर ते गाणं लावलं. गायिका जणू तिच्या कानाशी वाकून श्वास घेत होती. अंगावर काटा आला. मग तिने ड्रम लावून पाहिला. कुणीतरी ओली गादी बडवत होतं. ट्रम्पेट लावला, तर डब्यात माशी अडकलेली. बेबीला इतकं हसू आलं, की बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून तिने तोंडात पदर कोंबला.

कानसेनांकडे ती एकटीच गेली.

"तुमच्या बाबांनी केलाय?" त्यांनी भुवई उंचावली.

"नाही, मी केलाय."

"कुठल्या संगीतासाठी?"

"ते मी कोण सांगणार? कान तुमचे."

ही खुशामत कानसेनांना आवडली. त्यांनी आपलं गाणं लावलं. डोळे मिटले. दुसऱ्या ओळीआधी त्यांचाही श्वास अडकला. गाणं संपलं तरी हेडफोन काढेनात. शेवटी म्हणाले, "बेबीताई, आयुष्यभर ऐकतोय मी हे गाणं. आज पहिल्यांदा ऐकलं."

"अजून एखादं लावून बघता का?" बेबीने विचारलं. ही संधी तिने त्यांना मुद्दाम दिली. मागाहून कुणी म्हणायला नको, की फसवलं.

"अहो, गरजच काय!" कानसेन म्हणाले.

मोठ्या श्रवणसभेत त्यांनी तो हेडफोन मखमलीवर ठेवला. "वर्षातला सर्वोत्तम," त्यांनी जाहीर केलं. "आता हा सोडून दुसरा घ्यायला नको. शास्त्रीय असो, ड्रम असो, समूहगान असो, सगळ्याला हा एकच. या, आपापली गाणी लावून खात्री करून घ्या."

बेबी तिसऱ्या रांगेत बसली होती. जागा तिने निवडून घेतली होती.

पहिला उठला तो ड्रमवाला. भरदार दंडांचा, खांद्यावर काठ्यांची पिशवी. त्याने आपलं गाणं लावलं आणि दोन्ही कप तळव्यांनी कानावर दाबले, मग आणखी दाबले. "साहेब, वायर सैल आहे का? ड्रम कुठे गेला?"

"तुमचं रेकॉर्डिंग कच्चं असेल," कानसेन प्रेमाने म्हणाले.

मग शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांनी मुलांचं समूहगान लावलं. "अगं बाई! माझ्या सगळ्या पोरांना एकदम सर्दी?"

लोक हसले. कानसेनही हसले, पण जरा कमी. "मुलांचं रेकॉर्डिंग कठीणच असतं."

ट्रम्पेट वाजवणाऱ्या मुलीने तर हेडफोन लगेच काढला आणि आत डोकावून पाहिलं, काही शिरलंय का म्हणून.

"तुमचंही रेकॉर्डिंग..." कानसेन सुरू झाले.

"एक मिनिट हां," ड्रमवाला म्हणाला. "माझं कच्चं, बाईंचं कठीण, हिचंही वाईट. अख्ख्या सभागृहात चांगलं गाणं एकट्या तुमच्याच खिशात?"

आता हशा मागच्या रांगांपर्यंत गेला. कानसेनांनी हेडफोन हिसकावून कानाला लावला आणि ड्रमवाल्याचं गाणं ऐकलं. त्यांचा चेहरा बेबी डोळ्यांत तेल घालून पाहत होती. आधी भुवया वर गेल्या, मग खाली आल्या, मग सगळा चेहराच ओघळला. त्यांनी दुसरं गाणं लावलं, तिसरं लावलं. मग तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं.

ते खाली उतरून तिच्याजवळ आले, कानात पुटपुटले, "एवढंच सांगा, की हा नग बिघडलाय. वाटेत पडला, आपटला, काहीही. मी सांभाळून घेतो."

"बिघडलेला नाही. अगदी हवा तसा झालाय."

"तुमचंही नाव जाईल, बेबीताई."

"माझं नाव बेबी. ते जाऊन जाऊन कुठे जाणार?"

"माझ्याकडे दुसरं काय आहे हो? हे कान तेवढे आहेत."

"आमच्या बाबांकडे हात होते," बेबी म्हणाली. आवाज चढवला नाही. "गयावया करायची गरज नाही, कानसेन. तुम्ही या गाण्यापलीकडे काही ऐकत नाही, एवढंच मी दाखवलं. तुम्ही ऐकलं असतं, तर हा हेडफोन त्याच दिवशी माझ्या तोंडावर फेकला असता."

तिने पिशवीतून बाबांचा तो तालाचा हेडफोन काढला आणि कानसेनांना नाही, ड्रमवाल्याला दिला. त्याने तो लावला. पुन्हा आपलं गाणं सुरू केलं. मग त्याची मान हलू लागली, मग खांदे, मग तो सभागृहभर ऐकू जाईल असा ओरडला, "हे बघा, हे! माझी काठी ऐकू येतेय! कुणी केलाय हा?"

"त्यांना विचारा," बेबीने कानसेनांकडे बोट दाखवलं. "त्यांनी नाव ठेवलंय त्याला."

कानसेनांनी तो हेडफोन घेतला. ड्रमवाल्याच्याच गाण्यावर ऐकला, पुरता ऐकला. त्यांचं बोट मांडीवर ठेका धरत होतं, ते त्यांनी मुठीत लपवलं. "चांगला आहे," ते हळूच म्हणाले.

"मला काय सांगता? माइक तिकडे आहे."

कानसेन वर चढले. बराच वेळ माइकची उंची नीट करत राहिले. "काही वर्षांपूर्वी," ते म्हणाले, "इथे मी एका हेडफोनला पत्र्याचा डबा म्हणालो. तो तालासाठी होता. मला तसं सांगितलंही होतं. मी तो तालावर ऐकलाच नाही. कुठलाच हेडफोन मी माझ्या एका गाण्याखेरीज कशावर ऐकलेला नाही. तो शब्द मी परत घेतो. तो डबा नव्हता."

"मग डबा कोण होता?" मागून कुणीतरी ओरडलं.

सभागृह हास्यात बुडालं. बेबी सगळ्यांत मोठ्याने हसली. वर उभ्या माणसाच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या तिला तिसऱ्या रांगेतून स्पष्ट दिसत होत्या, आणि तिला त्यांची मुळीच दया आली नाही.

घरी येऊन तिने बाबांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, कानसेनांची नक्कलही केली. बाबा हसले नाहीत.

"मुद्दाम वाईट हेडफोन केलास?"

"वाईट नाही, बाबा. एका गाण्यापुरता चांगला."

"आण इकडे."

त्यांनी तो लावला, ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. "श्वासाची जागा छान पकडलीस," ते म्हणाले. मग ड्रम लावला आणि चेहरा कडू केला. "हे मात्र पाप आहे."

"त्याने शब्द परत घेतला, बाबा. माइकवर. तुम्हाला बरं नाही वाटलं?"

"वाटलं," बाबा म्हणाले. थोडा वेळ बोटांनी कपाची कड चाचपत राहिले. "एवढी वर्षं एकाच गाण्यात अडकून पडला म्हणजे त्याला कुणी ऐकायला शिकवलंच नाही. बोलाव त्याला एकदा. पोरांबरोबर बसवतो."

"चटईवर?"

"चटईवरच. खुर्ची दिली तर तो बोलायला लागेल."

बेबीने हेडफोन त्यांच्या हातातून काढून घेतला. "बोलवा खुशाल," ती म्हणाली. "पण चहा मी करणार नाही."