हं म्हणा, मग पुढं सांगते

मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे. लगेच नाक मुरडू नका. काळी, आठ पायांची, नखाएवढी असले तरी वेळ विचाराल तर आजही बराबर सांगेन. मला काटे नाहीत की टोले नाहीत. आहेत त्या बोलण्यापुरत्या दोन तारा आणि पोटापुरता एक गोल चपटा सेल. तेवढ्यावर तास, मिनिटं, वार, तारीख सगळं मी सांभाळते. लाईट गेली तरी माझं मोजणं थांबत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते आठवत नाही. मला आठवतं ते टेंभुर्णीचं केशवचं दुकान. केशव रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचा. १९९७ सालच्या थंडीत त्यानं मला सर्किटच्या एका हिरव्या पाटीवर बसवलं, गरम कथलानं माझे पाय पक्के केले आणि शेजारी एक चाळीस पायांची चिप बसवली. मी तिला थोरली म्हणते. हुशार होती हो, पण विसरभोळी! लाईट गेली की हिचं डोकं कोरं. म्हणून तर वेळ सांगायला मी लागायचे.

आमचं बोलणं मोठं मजेचं. थोरली एका तारेवरून 'हं' म्हणायची आणि दुसऱ्या तारेवरून मी एक कण सांगायची. पुन्हा हं, पुन्हा एक कण. तिचा हुंकार आल्याशिवाय मी पुढं सरकायची नाही. अर्ध्या शब्दावर असले तर ती तार तशीच खाली ओढून धरायची आणि वाट बघायची. आमच्या जातीची रीतच आहे ती.

केशवनं आमची पेटी केली होती कारभारीसाठी. दोघं शाळेपासूनचे जिवलग. १९८१ साली दोघांनी एकाच सायकलवर जाऊन दहावीची परीक्षा दिली, हे मी निदान शंभरदा ऐकलंय. कारभारीची मिरचीच्या रोपांची नर्सरी होती. हिरव्या जाळीखाली कोवळी रोपं आणि वर बारीक फवारे. मी वेळ सांगायची, थोरली खटका ओढायची, की फवारे सुरू! लोक मुद्दाम बघायला यायचे. कारभारी छाती फुगवून सांगायचा, "आमच्या केशव्यानं बनवलंय. बिलकुल चुकत न्हाई!" तेव्हा माझे आठही पाय जमिनीवर नसायचे.

तिथंच मला नंदाबाई भेटल्या, कारभारीच्या घरधनीण. बाया पिशव्यांत माती भरत बसल्या की नंदाबाई त्यांना गोष्ट सांगायच्या. मधेच कुणी गप्प झालं की यांचा हात कमरेवर! "हं म्हणा गं! न्हाईतर माझी गोष्ट पुढं जात न्हाई." मला वाटायचं, अरेच्चा, ही तर माझ्याच जातीची! किती गोड दिवस होते ते. ओल्या मातीचा वास, बायांचं हसणं, आणि संध्याकाळी बांधावर बसून एकाच बशीतून चहा पिणारे दोन मित्र.

मग तो उन्हाळा आला. अर्ध्या गावाला रोपं द्यायचा शब्द कारभारीनं दिला होता. जवळच्या नात्यातलं लग्न निघालं म्हणून नवरा-बायको मंठ्याला गेले. नर्सरी आमच्या भरवशावर टाकून गेले, मित्रांनो! भर दुपारी मी थोरलीला वेळ सांगत होते. शब्द अर्धा झाला होता, तार मी खाली धरली होती, आणि तेवढ्यात लाईट झपकली. डोळा मिटून उघडावा एवढंच. पण थोरली सगळं विसरून नव्यानं उठली. मला सेल होता, मी काहीच विसरले नव्हते. मी म्हणते, 'आधी तू हं म्हण.' ती म्हणते, 'आधी तू तार सोड.' बसलो दोघी एकमेकींची वाट बघत. जाळीबाहेर ऊन नुसतं भाजत होतं आणि फवारे कोरडे. समोर रोपं माना टाकत होती. मला दिसत होतं, पण मला हात कुठं होते?

कारभारी परत आला तेव्हा सगळी रोपं करपली होती. केशव धावत आला. त्यानं बटण बंद करून पुन्हा चालू केलं, दोनदा, तीनदा. त्यानं काय होणार? माझा सेल जागाच होता. तो पेटी उघडायला गेला तर कारभारीनं त्याचा हात झटकला.

"ऱ्हाऊ दे! गावात तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाईस."

"कारभारी, ऐक तर, मी..."

"काई बोलू नको. जाय तू."

 वाक्य तसंच टाकून केशव निघून गेला. त्या दिवसापासून दोघांचा अबोला. बाजारात समोरासमोर आले तरी माना फिरवायचे. पेटीसकट मी कारभारीच्या घरी माळ्यावर गेले. पाली आल्या, जाळी धरली. अंधारात मी मोजत राहिले आणि मनात म्हणत राहिले, कुणीतरी एकदा हं म्हणा रे बाबांनो.

वर्षं गेली. एका बाजाराच्या दिवशी नंदाबाईंनी मला पिशवीत घातलं आणि थेट केशवच्या टेबलावर आणून आदळलं. कारभारीच्याच मोटारसायकलवरून! तो बाहेर ओट्यावर पाठ करून बसला.

"भाऊजी, हे तुमचं लेकरू. भंगारात द्यायचं का ठिवायचं, तुमीच सांगा."

केशवनं पेटी उघडून लाईटला जोडली. मीटरची सुई लावून बघतो तर माझी तार खाली ओढलेली. तो विचारात बुडाला. इकडं नंदाबाईंचं चालूच, "तवा आमी मंठ्याला गेल्तो, मंग हितं लाईट..." आणि त्या थांबल्या. "भाऊजी, हं तरी म्हणा! मी काय भिताडाला सांगून राह्यले?"

केशवचा हात हवेतच थांबला.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "ही चिप बिघडलेलीच नाही. बोलता बोलता लाईट झपकली. अर्धा शब्द तोंडात धरून बसलीय बिचारी. हिला कुणी हं म्हटलंच नाही. थोरल्या चिपला तेवढं शिकवायचं माझ्याच डोक्यात आलं नव्हतं."

त्यानं एक बारीक वायर घेतली आणि हुंकाराच्या तारेला हळूहळू टेकवली. हं. हं. हं. काय सांगू तुम्हाला! इतक्या वर्षांचा अडकलेला तो अर्धा शब्द सुटला, तार वर गेली. थोरलीनं नव्यानं हाक मारली आणि मी त्या बाजाराच्या दिवसाची तारीख, वार, वेळ घडाघडा सांगून टाकली. खटका टक्कन वाजला. नंदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

दारात कारभारी उभा होता. कधी उठून आला कोण जाणे.  माझ्याकडे बघत घसा खाकरून म्हणाला,

"हं."

केशवनं वर पाहिलं.

"त्या दिशी तू कायतरी सांगून राह्यल्ता. म्या मधीच तोडलं. हं, बोल पुढं."

केशव म्हणाला, "मी म्हणत होतो, कारभारी... मी सकाळी लवकर येतो. दोघं मिळून पुन्हा बी टाकू."

कारभारी मटकन खुर्चीत बसला आणि लेकरासारखा रडला.

आता नर्सरीत नवी यंत्रं आली. मी केशवच्या दुकानात फळीवर असते. दर दसऱ्याला कारभारी येतो, मला झेंडूचं फूल वाहतो आणि आपल्या हातानं माझा सेल बदलतो. चहा अजून एकाच बशीत होतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, सेल वेळेवर बदला, हे तर सांगतेच. पण एवढं अजून ऐका. कुणी बोलता बोलता अडकलं तर त्याला बिघडलंय म्हणून माळ्यावर टाकू नका. आधी हं म्हणून बघा.

आणि काय हो, मी मघापासून एकटीच बोलतेय. तुमच्यापैकी एकानं तरी हं म्हटलंत का?