अनुक्रमांक चारशे बारा

मित्रांनो, मी एक जुनी वेताची खुर्ची आहे आणि मतदानाला मी आठ वेळा जाऊन आले आहे. हसू नका. खुर्चीला मत नसतं हे मलाही कळतं. पण ज्यांना मत असतं, त्यांच्यापैकी कितीतरी जण आठ वेळा गेलेले नाहीत. म्हणून मी थोडी ऐट मिरवते, एवढंच.

मला एका अबोल सुताराने घडवलं. त्याच्या तोंडात कायम दोन-तीन खिळे असायचे, त्यामुळे बोलायची सोयच नव्हती. माझी बैठक आणि पाठ विणली त्याच्या बहिणीने. वेताच्या पट्ट्या ती पाण्यात भिजत घालायची आणि नरम झाल्या की एकेक ओढून विणायची. तिची बोटं सोलून निघायची, पण वीण कुठे सैल सुटली नाही. माझ्या अंगात जो काही ताठपणा आहे, तो तिचा.

पुढची अकरा वर्षं मी एका वाचनालयात काढली. वर्तमानपत्र वाचायला येणारी म्हातारी मंडळी माझ्यावर बसून अख्खं सरकार चालवायची. मग वाचनालयात लोखंडी खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. गरज सरो वैद्य मरो, दुसरं काय! तिथे धूळ खात पडले असताना एके दिवशी बाइंडर आले. वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधायचं काम त्यांच्याकडे होतं. ते वाकून माझ्याकडे बघत राहिले आणि ग्रंथपालांना म्हणाले, "ही देता का? घरी एका माणसाला बसायला हवीय."

ते माणूस म्हणजे त्यांची बायको. गल्लीत सगळे त्यांना काकू म्हणत, म्हणून मीही म्हणते. गल्लीच्या टोकाला एक उघडं गटार होतं. त्यावर झाकण बसवा म्हणून लोक ओरडून थकले होते. काकू त्यात पडल्या आणि कंबरेचं हाड मोडलं. हाड कसंबसं जुळलं, पण चालणं गेलं ते गेलंच. तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या आणि मुलगा शाळेत होता. त्यांचे दोन पाय आणि माझे चार, अशा सहा पायांत एकही चालेना. आमची जोडी अशी जमली.

पुढच्या खोलीत बाइंडरांचं दुकान होतं. दाराशी कागद कापायचं यंत्र, कोपऱ्यात बांधलेली पुस्तकं दाबून ठेवायची दाबपट्टी, स्टोव्हवर खळीचं पातेलं. मी खिडकीजवळ. काकू माझ्यावर बसून सुटी पानं जुळवायच्या आणि दोऱ्याने शिवायच्या. कामात त्यांचा हात नवऱ्यापेक्षा साफ होता आणि हे त्या नवऱ्याला रोज ऐकवायच्या.

त्या वर्षी निवडणूक आली. बाइंडर म्हणाले, "तू बस घरी. यंदा मी एकटाच जाऊन येतो."

काकूंनी सुई खाली ठेवली. "अहो, गटार माझ्या कंबरेत गेलं की तुमच्या?"

झालं. बाइंडरांनी माझ्या हातांखालून दोन बांबू बांधले. खांद्याला टोचू नये म्हणून बांबूंच्या टोकांना पुस्तकाच्या पाठीचं जाड कापड गुंडाळलं. पुढून ते आणि मागून शेजारचे पंक्चरवाले, अशी आमची वरात शाळेकडे निघाली. शाळा दोन गल्ल्या पलीकडे होती. लोक बघायला बाहेर आले. काकू लाजतील असं मला वाटलं होतं, पण त्या मान वर करून बसल्या होत्या.

मतदानाच्या खोलीत पुठ्ठ्याचा एक आडोसा होता. त्यामागे जाऊन शिक्का मारायचा. मला तिथे टेकवून दोघे पाठ फिरवून लांब उभे राहिले. एक कर्मचारी म्हणाला, "कोणाला मदतीला पाठवू का?" काकू म्हणाल्या, "नको. एवढं माझं मला येतं."

मित्रांनो, हे वाक्य नीट समजून घ्या. काकूंना सकाळी कोणीतरी उठवायचं, कोणीतरी आंघोळीला न्यायचं. भाजी कुठली करायची, दार उघडं ठेवायचं की लावायचं, सगळं दुसऱ्याच्या सोयीने चालायचं. त्या आडोशामागे मात्र त्यांना कोणी उचलत नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं. तिथे त्या शिक्का हातात धरून चांगला मिनिटभर बसायच्या. त्यांची पाठ माझ्या पाठीला टेकलेली असायची. कोणाला मत दिलं ते त्यांनी नवऱ्याला कधी सांगितलं नाही. मी पाहिलं आहे, पण मीही सांगणार नाही.

अशा आम्ही सात वेळा गेलो. गटारावर झाकण चौथ्या खेपेनंतर बसलं. शिक्क्याच्या जागी बटण आलं. बाइंडरांचे केस पांढरे झाले, पंक्चरवाल्यांना दम लागू लागला, तेव्हा वाटेत मला दोनदा खाली ठेवायचे. पण मतदानाच्या दिवशी दुकान दुपारनंतरच उघडायचं, हा बाइंडरांचा नियम होता.

आता बाइंडरांची एक सवय सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. सुटा कागद दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. विजेचं बिल असो की औषधाची चिठ्ठी, ते खळ लावून तो कशाला तरी चिकटवायचे. मतदार यादीत त्यांचा क्रमांक चारशे अकरा होता, काकूंचा चारशे बारा आणि मुलाचा चारशे तेरा. मुलाची मतदार-चिठ्ठी तो हरवून बसला होता. या दोघांच्या चिठ्ठ्या मात्र बाइंडरांनी पाठीला पाठ लावून चिकटवून टाकल्या. "आता एक हरवली तर दुसरीही हरवेल. म्हणजे भांडण नको," असं म्हणून स्वतःच हसले.

मग एका सकाळी कागद कापता कापता ते खाली बसले, ते उठलेच नाहीत.

मुलगा आता दुकान बघत होता. वाईट नव्हता हो तो. आईचं सगळं करायचा, पण घाईघाईत आणि न बोलता करायचा. निवडणूक कचेरीतून निरोप आला की वडिलांचं नाव यादीतून कमी करण्यासाठी अर्ज द्या. त्याने ती चिकटवलेली चिठ्ठी काढली. वरची बाजू आईची होती. तो एका गिऱ्हाइकाशी बोलत होता आणि बोलता बोलताच अर्ज भरत होता. नाव वडिलांचं लिहिलं आणि क्रमांक मात्र वरच्या बाजूचा टाकला, चारशे बारा. चिठ्ठी उलटून बघितली नाही.

कचेरीत नावापेक्षा नंबर चालतो.

महिन्याने एक खाकी पाकीट आलं. 'आपले नाव वगळण्यात येत आहे, हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे,' असं काहीसं त्यात होतं आणि वर काकूंचं नाव होतं. मुलाने ते अर्धवट उघडलं, छापील मजकूर बघितला आणि रद्दीच्या ढिगात टाकलं. त्या ढिगातले कागद वह्यांच्या पुठ्ठ्यांना आतून लावतात. मी खिडकीजवळून सगळं बघत होते. ते पाकीट कुणाच्या तरी वहीच्या पोटात गेलं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. लाकडाच्या जन्माचं दुःख मला त्या दिवशी कळलं.

आठवी निवडणूक आली तेव्हा काकू शहात्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी आदल्या दिवशीच मुलाला बजावलं, "उद्या मला न्यायचंय."

"आई, एका मताने काय होतं गं?" मुलगा म्हणाला.

"काही होवो न होवो. तिथे मला माझं काहीतरी करता येतं."

मुलाने आणि पंक्चरवाल्यांच्या जावयाने मला उचललं. काकूंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि ती चिकटवलेली चिठ्ठी मुठीत धरली होती. शाळेत रांगेतल्या लोकांनी आम्हाला पुढे जाऊ दिलं. टेबलापाशी यादी घेऊन एक बाई बसल्या होत्या. त्यांनी पान उलटलं, बोट खाली नेलं आणि त्या थांबल्या.

"आजी, तुमचं नाव..." त्या अडखळल्या. "यात तुमच्या नावावर मयत असा शिक्का आहे."

काकूंना आधी ते कळलंच नाही. मग त्या म्हणाल्या, "अगं, मी ही काय बसलेय तुझ्यासमोर."

मुलगा पुढे झाला. यादी बघून त्याचा चेहरा उतरला. चारशे बारावर शिक्का होता आणि वरचा चारशे अकरा तसाच स्वच्छ होता. नुसता स्वच्छ नव्हता. त्याच्या खाली लाल शाईची रेघ होती आणि पुढे सही.

"हे काय?" मुलाने विचारलं.

बाई हळूच म्हणाल्या, "यांचं मतदान झालंय. सकाळी, पावणेआठला."

कोणीतरी बाइंडरांच्या नावाने येऊन मत टाकून गेलं होतं. मुलगा संतापून ओरडायला लागला, अधिकारी धावत आले. काकूंनी हात वर करून त्याला थांबवलं. त्या लाल रेघेकडे बघत होत्या.

"म्हणजे हे सकाळीच येऊन गेले म्हणायचे," त्या म्हणाल्या. "चौतीस वर्षांत मला सोडून कधी आले नव्हते."

अधिकारी तरुण होते. त्यांचे डोळे भरून आले. "आजी, तक्रार लिहून द्या. मी आत्ता घेतो."

"दिली तर आज मत देता येईल?"

"नाही, आजी. यादीतून नाव गेलंय. आज माझ्या हातात काही नाही."

काकूंनी तरी तक्रार लिहून दिली. सही करताना त्यांचं लक्ष त्या आडोशाकडे होतं. तो सहा-सात पावलांवर होता. त्या नुसत्या म्हणाल्या, "चला." मग दारापाशी मुलाला म्हणाल्या, "तुझं नाव आहे ना? तू तर दे."

"नाही देत मी! असल्या कारभारात कशाला द्यायचं?" तो म्हणाला. त्याला राग कचेरीचा होता, त्या चोराचा होता आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा होता. पण तो निघाला आईवर. आम्ही घरी आलो.

दुपारी मुलाने चिठ्ठी पाण्यात भिजवून दोन्ही भाग सोडवले आणि मग त्याला आपली चूक दिसली. तो आईच्या पायाशी येऊन बसला. "माझ्यामुळे झालं, आई."

काकूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आज आपल्या घरातून एकच मत पडलं रे. तेही गेलेल्या माणसाचं."

त्या वाक्यानंतर मुलगा बदलला. त्याने काकूंसाठी नवा अर्ज भरला. नव्या मतदाराचा अर्ज, अठरा वर्षांची पोरं भरतात तो. खातरजमा करायला यादीवाल्या बाई घरी आल्या, तेव्हा काकूंनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाल्या, "नीट बघून घ्या हो. श्वास चालू आहे." बाई हसल्या. काकूही हसल्या. मला मात्र त्यांचं अंग हलकं झालेलं जाणवत होतं. माझ्या विणीवर पूर्वीसारखा भार पडत नव्हता. पुढच्या वेळी नक्की नेतो, असं मुलगा दर दोन-चार दिवसांनी म्हणायचा.

निवडणुकीची तारीख जाहीर झाली आणि तिच्या एकोणीस दिवस आधी काकू माझ्यावर बसल्या बसल्या गेल्या. हातात शिवायला घेतलेली पानं होती. त्या गेल्या हे सगळ्यांत आधी मला कळलं. तो भार, ते कसं सांगू मी तुम्हाला? मी लाकूड आहे म्हणून मोडले नाही.

तेराव्या दिवसानंतर चिठ्ठ्या वाटणारा माणूस आला. काकूंची चिठ्ठी होती, नाव बरोबर, फोटो बरोबर. त्याच संध्याकाळी एका उमेदवाराचा माणूस दुकानात आला. इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, "काकूंचं नाव आहे अजून यादीत. आमच्या एक बाई आहेत त्या वयाच्या. उगाच वाया कशाला घालवायचं?"

मुलगा माझ्यावर बसला होता. त्याचे हात माझ्या हातांवर आवळले गेले. तो ओरडला नाही. "ते मत तिचं होतं," तो म्हणाला. "ती असताना मी तिला देऊ दिलं नाही. आता दुसऱ्या कुणालाही देऊ देणार नाही. चालायला लागा."

तो माणूस गेल्यावर मुलाने नाव कमी करायचा अर्ज घेतला. आईचं नाव लिहिलं. क्रमांक लिहिण्याआधी चिठ्ठीवर बोट ठेवून तीनदा मोठ्याने वाचला. मग कागदावर थेंब पडू लागले आणि त्याला दुसरा कोरा अर्ज घ्यावा लागला.

मतदानाच्या दिवशी तो एकटा चालत गेला आणि सकाळीच मत देऊन आला. त्याचं वय बावन्न होतं आणि आयुष्यातलं ते त्याचं पहिलं मत. बोटावर शाईची खूण घेऊन तो माझ्यासमोर उभा राहिला. बसला मात्र नाही.

मित्रांनो, माझी वीण आता सुटत चालली आहे आणि तसं व्हायचंच. माझी काळजी करू नका. यादी लागली की ती वाचायला जा. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांची नावं बघा, मग तुमचं. आणि घरात कोणी म्हणालं, मला मतदानाला न्या, तर त्याला त्याच खेपेला न्या. आम्ही काकूंना पुढच्या वेळी नेणार होतो.